तिथे ओल नाही

२१ सप्टेंबर

औषधांच्या दुकानातून दर वर्षी फुकट मिळणारी डायरी मी चूल पेटवायला वापरते. यंदाची लिहायला काढली आहे. नेवियो जूनपासून घरी आहे. चौतीस वर्षांचा मुलगा आईच्या घरी परत आला की त्याला प्रश्न विचारायची सोय नसते, आणि मला प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. म्हणून ही वही.

बोलोन्या शहरात तो ज्या कारखान्यात नोकरीला होता तो बंद पडला. येताना दोन सायकली आणि एक पिशवी घेऊन आला. मी म्हटलं, "कपडे कुठायत?" तर म्हणाला, "अंगावर आहेत की."

आज त्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. खिंडीपासून आमच्या पिएत्राफोर्का गावाच्या चौकापर्यंत चेस्टनटच्या रानातून खेचरांची जुनी वाट उतरते. खेचरं गेली आणि वाट काटेरी वेलींनी गिळली. तीस वर्षं मी याच डोंगरात टपाल वाटलं, तरी शेवटी शेवटी मीसुद्धा तिथून जायचं सोडलं होतं. आता नेवियो ती साफ करणार, वळणं बांधणार आणि तिच्यावरून डोंगरी सायकली सोडणार. खालच्या खोऱ्यातला सायकल-संघ दर आठवड्याला माणसं पाठवायला तयार आहे. नेवियो त्यांना रान दाखवील, आपल्या गोठ्यात सायकली दुरुस्त करील. अट एकच: ज्यांच्या ज्यांच्या रानातून वाट जाते त्या सगळ्यांचा होकार सान मार्तीनोच्या सणापर्यंत, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत हवा. एकानेही नाही म्हटलं तर संघ दुसरा डोंगर बघणार आणि नेवियो दूर बोल्त्सानो शहरात गोदामात नोकरीला जाणार. तिथली जागा त्याच्यासाठी अडवून ठेवली आहे. पूर्वी आमच्याकडे कुळं सान मार्तीनोला घर बदलायची. अजूनही कोणी घर सोडून निघाला की 'सान मार्तीनो करतोय' म्हणतात. माझ्या मुलाने ते करू नये एवढंच मला हवं आहे. त्याला हे सांगितलेलं नाही.

नकाशावरची रेघ बघत खाली येताना माझी नजर दुइलिओच्या रानात अडकली. दुइलिओ माझा थोरला भाऊ. बाबा गेले तेव्हा वरचं रान त्याला आलं, खालचं मला. पण त्याच्या रानात एक जागा आहे, आणि ती जागा बाबांनी मला दिली. शेवटच्या आजारात, दुइलिओ डॉक्टरला आणायला गेला होता तेव्हा, कानात सांगितली. पोर्चिनी अळंबीची जागा. आमच्याकडे माणूस मुलांना घर वाटून देतो, रान वाटून देतो, पण अळंबीची जागा मरताना एकालाच सांगतो. नवऱ्यालाही मी सांगितली नाही. ब्रूनो ती न कळताच गेला, आणि चांगला माणूस होता. कुठे आहे ते इथेही लिहिणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नशिबाने नेवियोची रेघ नेमकी तिथे आली की उगाच पोट काढून वळसा घालते आणि पुढे सरळ होते. मी सहज विचारावं तसं विचारलं, "इथे वाकडी का रे?"

"तिथे ओल आहे, आई. चाकं रुततील."

तिथे ओल नाही. धो धो पावसातसुद्धा तिथे पाणी थांबत नाही. पण मी गप्प बसले. इतकी वर्षं शहरात राहून पोराला जमीन ओळखता येईना, आणि त्यातच माझं भलं झालं.

३० सप्टेंबर

कंबर मोडली. मी दंताळं घेऊन पाचोळा ओढते, नेवियो कुदळीने वाट खणतो. मला वाटलं होतं झाडोरा कापला की झाली वाट. तसं नाही. वाटेची बाहेरची कड किंचित खाली हवी, म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून न वाहता दरीत उतरतं. वळणाची बाहेरची बाजू मात्र उचलून बांधायची, म्हणजे सायकलवाला वेगात आला तरी फेकला जात नाही. नेवियो गुडघ्यावर बसून मातीला हात लावतो आणि पाणी कुठून येईल, कुठे थांबेल ते सांगतो. एकदाही चुकला नाही. एवढं कळतं, आणि त्या एका ठिकाणी मात्र कसा चुकला कोण जाणे.

चेस्टनटची काटेरी बोंडं गळायला लागली आहेत. आज त्याचं चाक दोनदा फुटलं. मी हसले तर म्हणाला, "तू बस एकदा, मग हस." मी म्हटलं, "मी खेचरावर बसलेय, ते तुझ्या सायकलपेक्षा शहाणं होतं."

६ ऑक्टोबर

होकार मिळताहेत. चेस्टनट वेचायच्या दिवसांत वाट बंद ठेवायची, ही सगळ्यांची अट. ती रास्तच आहे. म्हाताऱ्या अमेलियोने आणखी एक घातली: वाट त्याच्या मोठ्या ओकच्या खालून नको, वरून न्यायची. का, तर खाली रानडुकरं लोळतात. त्या ओकखाली कधी कोणी डुक्कर पाहिलेलं नाही. अमेलियो पाऊस पडून दहा दिवस झाले की तिथे टोपली घेऊन का जातो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. अळंबीवाला खरं कारण कधी सांगत नाही. नेवियोने हूं की चूं न करता रेघ वर नेली. "बरोबर आहे काका, डुकरं वाईट."

संध्याकाळी मला म्हणतो, "प्रत्येकाची डुकरं वेगळ्या झाडाखाली असतात." मला हसू आलं, पण मी विषय बदलला.

१५ ऑक्टोबर

घात झाला. दुइलिओ सही करत नाही.

रविवारचे पत्ते नेहमीसारखे लोरेदानाच्या बारमध्ये होते. लोरेदाना कॉफी देते, वाइन देते आणि न मागता सल्लाही देते. डाव संपत आला तेव्हा मी विचारलं, "सही कधी करतोस रे?"

"करत नाही."

"का?"

"माझं रान आहे."

"ते ठाऊक आहे. का नाही करत?"

"पोरं डोकी फोडून घेतील आणि कोर्टात मी उभा राहीन."

"त्यांचा विमा आहे, मामा," नेवियो म्हणाला.

"सगळं तुडवून टाकतील."

"काय तुडवतील? पाचोळा?" मी म्हटलं खरं, पण म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर माझीच जागा होती. दुइलिओने पत्त्यांतून मान वर केली नाही. त्याचे कान लाल झाले होते. वाइन जास्त झाली असेल.

नेवियो त्याच्या शेजारी जाऊन बसला. "मामा, सही नको करूस. नकाशा तेवढा एकदा बघ."

"ज्याच्यावर सही करायची नाही तो बघायचा कशाला?"

"तुझ्या रानापुरता बघ. बघायला काय जातंय?"

"चष्मा घरी राहिला."

"दुइलिओ," लोरेदाना गल्ल्यावरून ओरडली, "तुझा चष्मा सापडला हो! नाकाला लटकलाय!" सगळा बार हसला आणि तो पत्ते टाकून निघून गेला.

घरी येताना मी दुइलिओच्या सात पिढ्या काढल्या, ज्या माझ्याही आहेत. नेवियो म्हणाला, "मामाला जोर करू नकोस, आई. त्याचं काहीतरी कारण असेल."

"कसलं कारण? हेकटपणा!"

"असेल तेही."

हा मुलगा असाच मऊ राहिला तर बोल्त्सानो काही चुकत नाही. मला रडू आलं. भांडी घासताना आलं, त्यामुळे निभावलं.

२३ ऑक्टोबर

दुइलिओकडे तीनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्याने चीज दिलं, दुसऱ्यांदा अक्रोड, तिसऱ्यांदा दारच उघडलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

सायकल-संघाचा माणूस आला होता. खिंडीतून खाली सायकल सोडली आणि दुइलिओच्या कुंपणाशी थांबला, कारण पुढे होकार नाही. चिखलाने माखलेला आणि दात काढून हसणारा. म्हणाला, "ही वळणं कोणी आखली? क्षणभर कंटाळा येत नाही!" नेवियो म्हणाला, "गावाने." खरंच आहे. अमेलियोची डुकरं, कोणाचा 'ठिसूळ दगड', कोणाचं 'गांधीलमाशांचं पोळं'. सरळ वाट ठेवलीच नाही कोणी.

एवढं आवडलं आहे त्यांना, आणि अडलं आहे माझ्याच सख्ख्या भावापाशी. याची मला लाज वाटते.

२ नोव्हेंबर

यंदा थंडी लांबली, त्यामुळे अळंबी अजून आहे. आज सगळे आपापल्या मेलेल्यांना फुलं वाहायला गेले होते. मी बाबांची कबर पुसली आणि तिथूनच जागेवर गेले. एरवी मी दुपारी जाते, टपालाची पाळी संपल्यावर जायची तीच सवय. पण हल्ली दुपारी वाटेवर काम करणारी माणसं असतात, म्हणून सकाळी गेले.

जेमतेम अर्धी टोपली. बाबांच्या वेळी एका फेरीत दोन टोपल्या भरायच्या. ते गेल्यापासून कधी एकीच्या वर गेली नाही. झाडं म्हातारी झाली असं मी समजत आले आहे. जागेलाही माणूस ओळखीचा लागतो बहुतेक.

८ नोव्हेंबर

माझी जागा फुटली.

सकाळी गेले तर एकही नाही. मी बसून पाचोळा चाचपला. ठिकठिकाणी माती ताजी, ओलसर. कोणीतरी अळंबी मुळाशी फिरवून काढून, खड्ड्यात माती लोटून, वर पानं दाबून बसवली होती. परका माणूस चाकूने कापतो किंवा दंताळ्याने ओरबाडतो. खड्डा असा झाकायची रीत बाबांची. ती मला बाबांनी शिकवली आणि मी फक्त एकाला शिकवली: नेवियोला, तो लहान असताना, दुसऱ्या रानात.

मी तशीच खाली गेले. तो गोठ्यात सायकलची साखळी धूत होता.

"माझ्या मागावर आलास?"

"कुठे?"

"जागेवर. तूच काढलीस. खड्डे आपल्यासारखे बुजवलेत. आता सायकलवाल्यांना विकणार की हॉटेलात?"

त्याने हातातला ब्रश खाली ठेवला. "आई, तुला खरंच असं वाटतं?"

"मग कोण आहे दुसरं? सांग ना! कोणाचं नाव घेतोस?"

त्याने तोंड उघडलं. मला वाटलं आता कबूल करतो. पण त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं, मग हात पुसले आणि म्हणाला, "कोणाचंच नाही." थोड्या वेळाने अंगणात फोनवर बोलत होता. बोल्त्सानोला सोमवारी हजर होतो म्हणून सांगितलं.

आरोप खोटा असता तर भांडला असता. माझा मुलगा आहे, भांडता येतं त्याला. गप्प बसला, म्हणजे गुन्हा कबूल.

९ नोव्हेंबर

त्याने हत्यारं धुऊन, तेल लावून भिंतीला टांगली. माझं दंताळंसुद्धा धुतलं. आम्ही सूप प्यायलो. मीठ जास्त झालं होतं, तरी दोघांनी वाटी संपवली.

मी चिडलेली आहे, आणि त्याहून जास्त मला भीती वाटते आहे. सोमवारनंतर या टेबलावर एकच ताट असेल.

१० नोव्हेंबर

काय लिहू आणि कसं लिहू.

तो जायच्या आधी त्याला पोर्चिनी घालून भात करून द्यावा असं मनात आलं. चोर असला तरी पोटचा आहे. काल रात्री ऊब होती, एखाददुसरी उगवली असेल म्हणून मी तांबडं फुटायला रानात शिरले.

जागेवर एक माणूस पाठमोरा गुडघ्यावर बसला होता. त्याने खड्ड्यात माती लोटली, पानं ठेवली आणि तळव्याने दोनदा थोपटलं, बाळाला थोपटतात तसं. बाबा असेच थोपटायचे. क्षणभर मला बाबाच वाटले आणि मी एक पाऊल पुढे टाकलं. काटकी मोडली. तो वळला.

"आर्जा? तू इथे काय करतेस?"

"तू काय करतोस?"

"माझं रान आहे," दुइलिओ म्हणाला.

"रान तुझं आहे. जागा माझी आहे. बाबांनी मला दिली."

"तुला?" तो उठायला गेला आणि गुडघा धरून परत बसला. "मला दिली! तू पाद्रीबाबांना आणायला गेली होतीस तेव्हा!"

"आणि मला, तू डॉक्टरला आणायला गेला होतास तेव्हा!"

मग त्याने हळूच विचारलं, "काय म्हणाले तुला?"

"म्हणाले, दुइलिओला सांगू नकोस. दोन पेले पोटात गेले की बारभर बोलेल."

त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला म्हणाले, आर्जाला सांगू नकोस. पोस्टात आहे, पत्रांबरोबर घरोघर टाकेल."

आधी मला राग आला, दुइलिओचा, मग बाबांचा. धड श्वास घेता येत नव्हता म्हाताऱ्याला, पण दोन्ही पोरांना एकेकट्याला गाठून शपथा घालायचं जमलं. मग दुइलिओचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, तर तो हसत होता. मीही हसले. झाडं म्हातारी झाली नव्हती. इतकी वर्षं तो पहाटे येत होता आणि मी दुपारी, आणि दोघेही अर्ध्या टोपलीसाठी हवेला दोष देत होतो.

"म्हणून सही अडवलीस?"

"मग काय करू? सायकली इथून गेल्यावर काय उरणार?"

"अरे येड्या, वाट इथून जातच नाही! इथे येऊन वळसा घालते. नकाशा बघितला असतास तर कळलं असतं. काखेत कळसा!"

"वळसा कशाला?"

"नेवियोच्या मते इथे ओल आहे."

दुइलिओने तळवा जमिनीवर टेकवला. माती उचलली, बोटांत चुरली. ती भुरभुर खाली पडली. "ओल? इथे?" मग त्याने माझ्याकडे बघितलं, खूप वेळ.

"पोराला जमीन कळत नाही," मी म्हटलं.

"आर्जा, तो म्हणतोय ना ओल आहे? मग आहे." डोळे पुसून म्हणाला, "चांगली ओल आहे." थंडीने त्याच्या डोळ्यांतून पाणी येतं हल्ली. म्हातारा झाला.

तेवढ्यात मला आठवलं. मी मुलाला चोर म्हटलं होतं. दुइलिओला तसंच टाकून मी खाली पळाले, या वयात, माझ्या रानातल्या त्या नव्या वाटेने. वाट चांगली झाली आहे. एकदाही पाय घसरला नाही.

नेवियो गोठ्यात सायकलींची चाकं काढून बांधत होता. मी दारातच म्हटलं, "मी चुकले. तू नव्हतास. मामा होता. मला माफ कर." असं मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं, ब्रूनोलाही नाही. त्याने हातातलं चाक ठेवलं आणि मला जवळ घेतलं. मामाचं नाव ऐकून त्याला जेवढं आश्चर्य वाटायला हवं होतं तेवढं काही वाटलेलं दिसलं नाही. थकला असेल.

दुपारी दुइलिओ आला आणि सही करून गेला. चष्मा नाकावर होता, तरी नकाशा बघितला नाहीच. बोल्त्सानोला फोन झाला, नाही येत म्हणून. मग नेवियोने चाकं परत बसवली. मी भात केला, तिघांचा.

११ नोव्हेंबर, सान मार्तीनो

चौकात चेस्टनट भाजताहेत, लोरेदानाने नवी वाइन काढली आहे. दुइलिओ दोन पेले प्यायला आणि काहीही बोलला नाही. बाबा चुकलेच त्याच्या बाबतीत.

त्याआधी सकाळी मी आणि दुइलिओने ठरवलं की जागा आता नेवियोला सांगायची. रीत मरताना सांगायची आहे, पण दुइलिओ म्हणाला, "रीत पाळायची तर आपण दोघांनी एकाच दिवशी मरायला हवं, आणि तू वेळेवर कधी येतेस?" तेव्हा जिवंतपणीच सांगायचं ठरलं.

आम्ही त्याला घेऊन वर गेलो. मी पुढे, तो मध्ये, दुइलिओ मागे. दुइलिओच्या कुंपणाशी नवी वाट सोडली आणि पाचोळ्यातून चढलो. मी त्याला तिथे उभं केलं आणि म्हटलं, "ही जागा. आजोबांची होती, आता आमची आहे, आमच्यानंतर तुझी. बायको आली तर तिलाही सांगायचं नाही."

बिचाऱ्याने तोंडाचा आ केला. "इथे? माझ्या वाटेच्या एवढ्या जवळ? मला कधी स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं, आई!" मला इतका आनंद झाला त्याचा तो चेहरा बघून. इतकी वर्षं एखादी गोष्ट जपावी ती अशाच दिवसासाठी. दुइलिओला मात्र नेमका तेव्हाच खोकला आला आणि तो झाडाकडे तोंड करून उभा राहिला.

मग नेवियोने टोपली खाली ठेवली. तिथे पाचोळ्याखाली एक सपाट दगड आहे. वरून दिसत नाही, मी नेहमी त्याच्यावरच टोपली ठेवते, म्हणजे कलंडत नाही. त्याने न बघता बरोबर त्याच्यावर ठेवली. मी दुइलिओला म्हटलं, "बघ, रक्तात असतं हे." दुइलिओ म्हणाला, "असतं, असतं."

उतरताना मी पोराला सांगून टाकलं की आता सगळं उघड झालंच आहे, तर नकाशावरचा तो वळसा काढून वाट थोडी सरळ केली तरी चालेल, आपण जागा सोडून नेऊ. तिथे ओल मुळीच नाही. तर म्हणतो, "नाही आई, आहे. मी स्वतः बघितलीये, लहानपणापासून." ऐकतच नाही. जमिनीचं त्याला अजून काही कळत नाही. पण आता तो इथेच राहणार आहे, शिकेल हळूहळू.